दार उघडणारा माणूस

'द अ‍ॅडव्हेंचरर' हा चॅप्लिनचा 1917 सालचा मूकपट मी लहानपणापासून किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही. तुरुंगातून पळालेला चार्ली समुद्राकाठी येतो, बुडणाऱ्यांना वाचवतो, शेवटी स्वतःच पाण्यात निपचित होतो आणि मग श्रीमंत घरची गाडी त्याला बंगल्यावर घेऊन जाते. गाडीसोबत एक शोफर आहे. गणवेश, टोपी, लहानखुरी चण. पडद्यावर तो काही क्षणच दिसतो आणि तेवढ्यात आपलं सगळं लक्ष चार्लीकडे असतं. या दिवाळी अंकासाठी संपादकांनी 'सावलीतली माणसं' हा विषय दिला, तेव्हा मी तो चित्रपट पुन्हा लावला आणि नेमकी ती चित्रचौकट थांबवून पाहिली.

तो शोफर नट नव्हता. तो चॅप्लिनचा खराखुरा ड्रायव्हर होता. त्याचं नाव तोराइची कोनो. 1916 मध्ये तो चॅप्लिनच्या गाडीच्या चाकामागे बसला आणि 1934 मध्ये त्याने नोकरी सोडली. अठरा वर्षं. या काळात 'द किड' आला, 'द गोल्ड रश' आला, 'सिटी लाइट्स' आला. चार्लीची दोन लग्नं झाली आणि दोन्ही मोडली. जगभर त्याच्यामागे गर्दी धावली. आणि त्या प्रत्येक गर्दीच्या आतल्या बाजूला, गाडीच्या दाराजवळ, हा माणूस उभा होता.

आपल्याकडे त्याच 1917 साली दादासाहेब फाळक्यांचं 'लंकादहन' झळकत होतं. फाळक्यांच्या घरी रात्री फिल्मला छिद्रं पाडत बसणाऱ्या सरस्वतीबाईंचं नाव आज निदान अभ्यासकांच्या तोंडी तरी आहे. कोनोचं नाव त्याच्या हयातीत वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत गाजलं ते एकदाच, आणि तेही भलत्याच कारणासाठी. त्याकडे पुढे येते.

हिरोशिमाचा मुलगा

कोनोचा जन्म 1885 चा, हिरोशिमाकडचा. घरची परिस्थिती चांगली होती. विसावं शतक उजाडत असताना, जेमतेम पंधराव्या वर्षी त्याने अमेरिका गाठली. त्या काळी हिरोशिमातून पॅसिफिकपार जाणाऱ्यांची रीघ होती. हवाईच्या उसाच्या मळ्यांत, कॅलिफोर्नियाच्या शेतांत आणि बंगल्यांच्या स्वयंपाकघरांत ही माणसं राबत. कोनोला मात्र विमान उडवायचं होतं. त्याने शिक्षणही सुरू केलं होतं, पण बायकोने हा जिवावरचा खेळ नको म्हणून हट्ट धरला. विमान सुटलं आणि हाती मोटारीचं चाक आलं.

मालक कोण मिळाला होता, हेही बघायला हवं. 1916 मध्ये चॅप्लिनने म्युच्युअल कंपनीशी करार केला तो वर्षाला 6 लाख 70 हजार डॉलरचा. वय सव्वीस. लंडनच्या गरीब वस्तीत, अनाथांच्या शाळेत वाढलेल्या या पोरावर असा पैशांचा पाऊस पडला, आणि खोलीची घडी कशी बसवायची, पत्रांना उत्तरं कशी द्यायची, दारातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, यातलं काहीच त्याला जमत नव्हतं. फोन घ्यायचा त्याला कंटाळा. पत्रं साठत जायची. सुरुवातीला टॉम हॅरिंग्टन नावाचा दुसरा एक मदतनीस हा सगळा पसारा सांभाळायचा. पुढे हा पसारा कोनोकडे आला. ड्रायव्हरचा कपडे-खोली सांभाळणारा झाला, मग सेक्रेटरी, मग घराचा कारभारी. बेव्हर्ली हिल्सच्या समिट ड्राइव्हवर चॅप्लिनचं घर उभं राहिलं, तेव्हा तिथला जवळजवळ सगळा नोकरवर्ग जपानी होता. दरवाज्यापासून स्वयंपाकघरापर्यंत कोनोच्याच भाषेत कामं चालत.

हिरवा सूट

चॅप्लिनचा दिवस कसा सुरू होईल हे कुणालाच सांगता यायचं नाही. 'सिटी लाइट्स'चं चित्रीकरण 1928 च्या अखेरीला सुरू झालं आणि चित्रपट लागला तो जानेवारी 1931 मध्ये. मधले कितीतरी दिवस चॅप्लिन स्टुडिओत फिरकलाच नाही, कारण त्याला सुचत नव्हतं. कामगार यायचे, दिवे तयार असायचे, नटनट्या मेकअप करून बसलेल्या असायच्या. पगार चालू, काम बंद.

त्या स्टुडिओतल्या लोकांच्या आठवणींत एक गोष्ट येते. सकाळी घरून स्टुडिओत फोन जायचा: आज साहेबांनी कोणत्या रंगाचा सूट घातलाय ते कळवायला. हिरवा असला की सगळे गप्प. त्या दिवशी कुणाची खैर नाही. मला ही गोष्ट ऐकल्यापासून त्या फोनच्या अलीकडचं टोक दिसत राहतं. कपाटापाशी उभं राहून कुणीतरी तो सूट पाहिलेला असतो. स्टुडिओतल्या शंभर माणसांना जे तासाभराने कळणार, ते त्याला आधीच ठाऊक असतं.

सेवकाच्या कामाची हीच खरी मेख आहे. मालकाचा स्वभाव हाच त्याचा अभ्यासविषय. कुठल्या बाईचा फोन जोडायचा, कुठल्या पत्रकाराला फाटकातूनच परत पाठवायचं, कुठलं बिल आज पुढे करायचं आणि कुठलं चार दिवस दाबून ठेवायचं. नोव्हेंबर 1924 मध्ये चॅप्लिन आणि लिटा ग्रे यांचं लग्न मेक्सिकोतल्या एम्पाल्मे नावाच्या आडगावी उरकण्यात आलं. ती सोळा वर्षांची होती आणि तिला दिवस गेले होते. वर्तमानपत्रांचा ससेमिरा चुकवायला शूटिंगसाठी चाललो आहोत असा बनाव रचला गेला. सोबत गेलेल्या मोजक्या माणसांत कोनो होता. त्या मुलीचं पुढे काय झालं हे साऱ्या जगाने घटस्फोटाच्या खटल्यात वाचलं. कोनोने ते घरात राहून पाहिलं. त्याच्या निष्ठेचं कौतुक करताना हेही विसरता येत नाही, की निष्ठावान माणूस पुष्कळ गोष्टी पाहतो आणि दार लावून घेतो.

गोरेगावात एक दुपार

पुस्तकांतून एवढं समजलं, तरी हे काम हाताला कसं लागतं ते कळत नव्हतं. म्हणून ओळखीने गोरेगावच्या फिल्मसिटीत गेले. व्हॅनिटी व्हॅन रांगेने उभ्या, जनरेटरची घरघर, स्पॉटदादांची चहाची धावपळ. एका मोठ्या नटाच्या व्हॅनच्या पायरीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक काका बसले होते. कोकणातले. त्या नटाबरोबर एकोणीस वर्षं झालेली. नाव छापायचं नाही या अटीवर बोलले.

त्यांच्या पायाशी एक काळी बॅग होती. मी विचारल्यावर त्यांनी चेन उघडून दाखवली. कोमट पाण्याचा थर्मास, वारानुसार कप्पे असलेली गोळ्यांची डबी, डोळ्यांत घालायचे थेंब, सेफ्टी पिनांचं पान, सुईदोरा, दोन चार्जर, मोज्यांचा एक कोरा जोड, सुट्ट्या नोटांचं रबर लावलेलं पुडकं आणि छोट्या डबीत खडीसाखर. खडीसाखर कशाला? तर लांबलचक संवादाआधी साहेबांचा घसा कोरडा पडतो, आणि ते स्वतः कधीच मागत नाहीत.

"ताई, साहेब झोपलेत, गाडीत आहेत की घरून निघालेच नाहीत, ते मला ठाऊक असतं. समोरच्याला काय सांगायचं ते वेगळं."

"म्हणजे खोटं बोलावं लागतं, काका?"

"खोटं कशाला? वेळ मारून न्यायची."

बोलता बोलता त्यांचा मोबाईल वाजला. साहेबांचा फोन. काका खुर्चीवरून उठून उभे राहिले, उभ्यानेच "जी, जी" करत बोलले, आणि फोन ठेवल्यावरच पुन्हा बसले. व्हॅनमध्ये कुणीच नव्हतं. साहेब वांद्र्याला होते.

निघताना मी पुन्हा नावाचं विचारलं. त्यांनी मान हलवली. "नाव आलं की काम गेलं, ताई." ते सहज बोलून गेले. परतीच्या लोकलमध्ये मला कोनो नव्याने कळायला लागला.

टोकियो, मे 1932

'सिटी लाइट्स' लागल्यावर चॅप्लिन जगाच्या प्रवासाला निघाला. लंडन, बर्लिन, व्हेनिस, पॅरिस, मग सिलोन, सिंगापूर, जावा, बाली. कोनो सोबत. याच प्रवासात, 22 सप्टेंबर 1931 ला, लंडनच्या पूर्व भागातल्या एका डॉक्टरांच्या घरी चॅप्लिन गांधीजींना भेटला. यंत्रांबद्दल त्याने विचारलं, गांधीजींनी चरख्याची बाजू मांडली. ही भेट आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. गांधीजी गोलमेज परिषदेसाठी आले होते आणि त्यांच्यासोबत महादेवभाई देसाई होते. महादेवभाई 1917 मध्ये गांधीजींकडे आले. कोनोहून एकच वर्ष उशिरा. त्या हिवाळ्याच्या तोंडावर दोन मोठी माणसं आणि त्यांची दोन सावलीतली माणसं एकाच प्रवासऋतूत येऊन गेली, हा योगायोग मला सोडवत नाही.

14 मे 1932 ला चॅप्लिन कोबे बंदरात उतरला आणि रेल्वेने टोकियोला आला. तिथे जे घडलं ते त्याने 1964 च्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. स्टेशनवरून हॉटेलकडे जाताना सम्राटाच्या राजवाड्यापाशी गाडी थांबली. कोनोने त्याला विनंती केली: खाली उतरून राजवाड्याच्या दिशेने वाका. चॅप्लिन गोंधळला. अशी रीत असेल, तर मागून आलेल्या गाड्यांखेरीज इथे लोक का नाहीत? तरी तो उतरला, वाकला आणि परत बसला. कोनोच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं त्याला दिसलं. चॅप्लिनच्या सावत्र भावाला, सिडनीला, कोबेपासूनच कोनोचं वागणं विचित्र वाटत होतं.

त्या राजवाड्यासमोरच्या अंधाराचा विचार करा. तीसेक वर्षांपूर्वी देश सोडलेला कोनो, आपल्या मालकाला घेऊन, मायदेशी आलेला. देशात तरुण लष्करी अधिकारी राजकारण्यांच्या खुनाचे बेत करताहेत. जगातला सर्वांत प्रसिद्ध अमेरिकेतला पाहुणा त्याच्या गाडीत बसलाय. मालकाला सगळं सांगितलं, तर तो घाबरेल नाहीतर चिडेल. न सांगता त्याच्याकडून एक नमस्कार करवून घेतला, तर मागून येणाऱ्या गाड्यांतली माणसं तरी कदाचित निवळतील. वेळ मारून न्यायची. फिल्मसिटीतल्या काकांचे शब्द मला इथे आठवतात.

दुसऱ्या दिवशी, 15 मे च्या रविवारी, चॅप्लिन पंतप्रधान इनुकाई त्सुयोशी यांच्या मुलासोबत सुमो कुस्त्या पाहायला गेला. कुस्त्या चालू असताना एका सेवकाने येऊन मुलाच्या कानात काहीतरी सांगितलं. थोड्या वेळाने त्या मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी त्याच्या वडिलांना त्यांच्या निवासस्थानी घुसून गोळ्या घातल्या होत्या. पुढे खटल्यात कोगा नावाच्या लेफ्टनंटच्या साक्षीतून बाहेर आलं, की पंतप्रधानांनी चॅप्लिनला मेजवानी दिली, तर तिथे त्यालाही मारायचा विचार होता. अमेरिकेशी युद्ध पेटावं हा हेतू.

टोकियोतला आणखी एक प्रसंग चॅप्लिनने सांगितला आहे. ते एका उपाहारगृहात जेवत असताना काही तरुण आत शिरले आणि एकजण कोनोजवळ बसून दरडावू लागला. आमच्या पूर्वजांची चित्रं पाहायला चॅप्लिन आला नाही, हा आमचा अपमान आहे. कोनोचा चेहरा पांढराफटक पडला. चॅप्लिनने खिशात हात घालून पिस्तूल असल्याची बतावणी केली, तेव्हा कुठे चॅप्लिनची मंडळी तिथून बाहेर पडली. चॅप्लिनला त्या तरुणाचा एक शब्दही कळत नव्हता. प्रत्येक शब्द समजणारा त्या टेबलावर फक्त कोनो होता. दुभाषाला भीती दोनदा वाटते, ऐकताना एकदा आणि भाषांतर करताना एकदा.

2 जूनला चॅप्लिन योकोहामाहून 'हिकावा मारू' जहाजाने अमेरिकेला निघाला. ते जहाज आजही योकोहामाच्या यामाशिता बागेपाशी नांगरलेलं आहे, संग्रहालय म्हणून.

नाव आलं

1934 मध्ये कोनोने नोकरी सोडली. चॅप्लिनच्या आयुष्यात पॉलेट गोडार्ड आली होती. घरखर्चाच्या चाव्या कुणाकडे, यावरून तिचं आणि कोनोचं जमेना. ज्या घरात अठरा वर्षं आपल्या हिशोबाने पैसा फिरला, तिथे नव्या मालकिणीने हिशोब मागितला, की जुन्या कारभाऱ्याला ते लागणारच. आणि मालकिणीच्या बाजूने पाहिलं, तर तिचंही चूक म्हणता येत नाही. चॅप्लिनने त्याला युनायटेड आर्टिस्ट्सचं जपानमधलं काम दिलं. ते फार टिकलं नाही. कोनो परत आला.

1940 मध्ये गेरिथ फॉन उल्म या लेखिकेचं चॅप्लिनवरचं चरित्र निघालं. त्यातला मोठा भाग कोनोच्या आठवणींवर उभा आहे. अठरा वर्षं मिटलेलं तोंड उघडलं, तेही दुसऱ्याच्या नावाखाली.

आणि मग जून 1941. लॉस एंजेलिसमध्ये एफबीआयने इतारू ताचिबाना या जपानी नौदल अधिकाऱ्याला हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं, त्याच्यासोबत कोनोलाही. मधला दुवा होता अल ब्लेक. तमाशासारख्या रंगमंचीय खेळांत यंत्रमानव बनून तासन्‌तास न हलता उभा राहणारा हा कलावंत. कोनोने त्याची ताचिबानाशी गाठ घालून दिली. ब्लेकने थेट अमेरिकी नौदलाच्या गुप्तहेर खात्याला कळवलं आणि सापळा लागला. ताचिबानाला खटला न चालवता जपानला परत पाठवण्यात आलं. कोनोवरचे आरोप मागे घेण्यात आले. पण चॅप्लिनचा माजी सेक्रेटरी जपानी हेर, हा मथळा छापून झाला होता.

दोन माणसांची गाठ घालून देणं हे तर कोनोचं आयुष्यभराचं काम. कुणाला कुणाकडे न्यायचं, दार कुणासाठी उघडायचं. हे करताना तो किती जाणून होता यावर दोन्ही बाजूंनी बोललं गेलं आहे. माझं मत सांगते. मिटलेलं तोंड, खाली नजर, सगळ्यांशी ओळख आणि कुणाशीच फार जवळीक नाही, हे गुण घरात सोन्यासारखे होते. चौकशी अधिकाऱ्याच्या टेबलावर तेच गुण हेराच्या वर्णनाला तंतोतंत जुळले.

त्याच्या पाठीशी कायदाही नव्हता. 1922 च्या ओझावा खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जपानी माणसाला नागरिकत्व मिळणार नाही असा निकाल दिला. पुढच्याच वर्षी भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तोच नियम हिंदी लोकांना लागला. चाळीस वर्षं राहूनही कोनो परकाच राहिला, आणि डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बर झालं तेव्हा परका असणं हाच गुन्हा ठरला. शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्याला उचललं. जपानी वंशाच्या लाखाहून अधिक माणसांना पुढे वाळवंटातल्या छावण्यांत नेलं, त्याहून वेगळ्या, न्यायखात्याच्या छावण्यांत हे संशयित पुरुष ठेवले होते.

त्यातली एक छावणी आयडाहोच्या डोंगरात, लोच्सा नदीच्या काठी होती. कूस्किया. आधी तिथे कैद्यांकडून रस्ता खोदून घेत. मे 1943 पासून अडीचशेच्या वर जपानी पुरुष तिथे दरमहा 55 ते 65 डॉलरवर तोच रस्ता बांधायला लागले. सगळे आपण होऊन आलेले, कारण काटेरी कुंपणातल्या रिकाम्या दिवसांपेक्षा डोंगरातलं काम बरं. मळेवाले, कोळी, दुकानदार, स्वयंपाकी. त्यांत चॅप्लिनचा जुना सेक्रेटरी. वय अठ्ठावन्न. आज त्या रस्त्याने मोटारी सुसाट धावतात.

येरवड्याच्या मागच्या बागेत

पुण्यात नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसमध्ये मी पुष्कळदा गेले आहे. हा लेख लिहिताना पुन्हा गेले. मुख्य इमारतीच्या कमानींखालून मागे गेलं, की बागेत दोन समाध्या शेजारी शेजारी आहेत. एक कस्तुरबांची, 22 फेब्रुवारी 1944. दुसरी महादेवभाईंची, 15 ऑगस्ट 1942. 9 ऑगस्टला अटक झाली आणि सहाव्या दिवशी हृदय थांबलं. वय अवघं पन्नास. गांधीजींनी स्वतःच्या हाताने त्यांना आंघोळ घातली. त्याच आवारात दहन केलं.

एका शाळेची सहल आली होती. बाई मुलांना कस्तुरबांबद्दल सांगत होत्या. एक मुलगी रांगेतून जरा बाजूला झाली आणि तिने दुसऱ्या समाधीवरचं नाव वाचलं. "बाई, हे कोण?" बाई म्हणाल्या, "गांधीजींचे सेक्रेटरी. त्यांनी रोजची डायरी लिहिली म्हणून आपल्याला गांधीजी कळतात." मुलीने वहीत नाव लिहून घेतलं.

महादेवभाईंनी पंचवीस वर्षं मालकाचा शब्दन्‌शब्द टिपला, आणि त्यातून स्वतःही उरले. कोनोने काही लिहिलं नाही. 1942 च्या ऑगस्टमध्ये महादेवभाई पुण्यात बंदिवासात गेले, तेव्हा कोनोही समुद्रापलीकडे बंदिवासात होता.

तीन वर्षांनी, 6 ऑगस्टला, हिरोशिमावर बॉम्ब पडला. ज्या देशाने तो टाकला त्या देशात कोनो होता. पुढे त्याच हिरोशिमाला तो परतला. 1952 च्या सप्टेंबरमध्ये चॅप्लिन लंडनला निघाला असता अमेरिकेने त्याचा परतीचा परवाना रद्द केला. त्याच्याही नावाची फाईल एफबीआयकडे होतीच. वीस वर्षांनी, एप्रिल 1972 मध्ये, ऑस्कर स्वीकारायला तो लॉस एंजेलिसला आला आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. कोनो आदल्या वर्षी, 1971 मध्ये, हिरोशिमाला वारला होता.

लेख पुरा होत आला तेव्हा मी फिल्मसिटीतल्या काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर 'द अ‍ॅडव्हेंचरर'ची लिंक पाठवली. शोफरकडे लक्ष ठेवा, एवढंच लिहिलं. दोन दिवसांनी, रात्री दीड वाजता, शूटिंग संपल्यावर त्यांचं उत्तर आलं.

"ताई, बघितला. हा माणूस कॅमेऱ्याकडे नाही, साहेबांकडे बघतो."